एकचल समीकरण हाताने शिकवताना: तराजू, काडेपेट्या आणि चिंचोके यांचा योग्य क्रम

राज्य मंडळाच्या शाळांत समीकरणाची तोंडओळख सहावीत होते, आठवीत एकचल समीकरणे येतात आणि नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणे. या तिन्ही टप्प्यांवर आता बरेच शिक्षक कृती घेतात, साहित्यही मेहनतीने जमवतात, आणि तरीही चाचणीत २क्ष = १० या समीकरणाचे उत्तर क्ष = ८ असे लिहिलेले सापडते. माझ्या अनुभवात याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. कृती एका दिवशी होते आणि फळ्यावरचे गणित दुसऱ्या दिवशी होते, त्यामुळे हाताने केलेली हालचाल आणि वहीत लिहिलेली ओळ यांची गाठच पडत नाही. पुढे दिलेला क्रम ही गाठ घालण्यासाठी आहे, म्हणून त्यातील पायऱ्या मागे-पुढे करू नयेत. सगळे मिळून सात ते आठ तासिका लागतात. नववीच्या वर्गाला शेवटच्या टप्प्यासाठी आणखी दोन तासिका राखून ठेवाव्यात. चलासाठी, म्हणजे माहीत नसलेल्या संख्येसाठी, या लेखात ‘क्ष’ आणि ‘य’ ही अक्षरे वापरली आहेत. वर्गात मात्र पाठ्यपुस्तकात जी अक्षरे असतील तीच वापरावीत.

टप्पा १: साहित्य जमवणे आणि ते आधी तपासणे

चार विद्यार्थ्यांच्या एका गटासाठी आठ रिकाम्या काडेपेट्या, साधारण पन्नास चिंचोके, लाल आणि निळी अशी प्रत्येकी पंधरा बटणे आणि एक कागदी पट लागतो. पट म्हणजे जुन्या दिनदर्शिकेचे कोरे मागचे पान. त्याच्या मधोमध जाड रेघ ओढून रेघेवर ‘=’ हे चिन्ह मोठे काढावे. चाळीसच्या वर्गाला दहा संच लागतात, म्हणजे ऐंशी पेट्या. त्या मुलांकडून मागवायच्या असतील तर महिनाभर आधी सांगावे, आणि काड्या घरीच काढून फक्त रिकामी पेटी आणायला सांगावे. वर्गात एकही काडी येता कामा नये. चिंचोके धुऊन कडक उन्हात वाळवावेत, नाहीतर डब्यात किडे होतात.

याशिवाय सगळ्या वर्गासाठी मिळून एक तराजू लागतो. दुकानातला काट्याचा तराजू मिळाला तर उत्तम. तो नसेल तर कपडे अडकवायचा हँगर खिळ्याला टांगून त्याच्या दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या सुतळीने दोन कागदी पेले बांधावेत. पेले सरकू नयेत म्हणून टोकांना चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत. रिकाम्या पेल्यांनी दांडी तिरकी राहत असेल, तर वर गेलेल्या बाजूला मळलेल्या कणकेचा छोटा गोळा चिकटवून ती समपातळीत आणावी.

*आधीच करायची तपासणी:* रिकामा तराजू सरळ राहिला म्हणजे तो बरोबर आहे असे होत नाही. दोन्ही पेल्यांत वस्तू टाकून तराजू सरळ करावा आणि मग त्या वस्तूंची अदलाबदल करावी. तराजू अदलाबदलीनंतर झुकला, तर एका बाजूचा पेला मध्यापासून थोडा लांब टांगला गेला आहे. तो आत सरकवून चाचणी पुन्हा घ्यावी.

*सावधान:* तराजूवर चिंचोके वापरू नयेत. मी पहिल्या वर्षी ही चूक केली होती. एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला सात चिंचोके टाकूनही दांडी झुकली आणि ‘सात बरोबर सात’ हे विधान चाळीस मुलांच्या डोळ्यांदेखत खोटे ठरले. चिंचोके लहान-मोठे असतात. तराजूसाठी एकाच खोक्यातले वायसर किंवा एकाच मापाच्या गोट्या घ्याव्यात. नाणी घ्यायची असतील तर एकाच मालिकेतली घ्यावीत, कारण २०११ पासून एक रुपयाचे नाणे आकाराने लहान झाले आणि आधीच्या नाण्यापेक्षा वजनानेही हलके आहे. चिंचोके पटावर मात्र बिनधास्त वापरावेत. तिथे आपण वस्तू तोलत नाही, मोजतो.

टप्पा २: ‘बरोबर’ या चिन्हाचा अर्थ नीट बसवणे

या टप्प्यावर चल आणायचे नाही. तासिकेच्या सुरुवातीला फळ्यावर ८ + ४ = □ + ५ एवढेच लिहून चौकटीत कोणती संख्या येईल हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे वहीत लिहायला सांगावे. अनेक मुले १२ लिहितात, काही १७ लिहितात. त्यांची बेरीज पक्की असते. ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी त्यांची समजूत पहिलीपासून घट्ट झालेली असते, आणि ही समजूत बदलल्याशिवाय पुढची प्रत्येक पायरी पोकळ राहते.

आता तराजूच्या एका पेल्यात ८ आणि ४ वायसर टाकावेत, दुसऱ्यात ५ टाकावेत, आणि दांडी सरळ होईपर्यंत एका विद्यार्थ्याला एकेक वायसर टाकायला लावावे. सातव्या वायसरला दांडी सरळ होते. त्यानंतर मुलांकडून चार गोष्टी करून घ्याव्यात: दोन्हीकडे सारखेच टाकणे, दोन्हीकडून सारखेच काढणे, एकाच बाजूला टाकणे आणि एकाच बाजूने काढणे. प्रत्येक वेळी दांडीला हात लावण्याआधी काय होईल ते बोलून घ्यावे. अंदाज न वर्तवता केलेली कृती मुले नुसती बघतात आणि विसरतात.

*पुढे जाण्याआधी तपासा:* ९ + ६ = □ + ८ हे उदाहरण तराजूशिवाय द्यावे. वर्गातल्या बहुतेकांनी ७ लिहिले तरच पुढचा टप्पा घ्यावा.

टप्पा ३: पेटीतली माहीत नसलेली संख्या

येथून पुढे तराजू बाजूला ठेवून पट घ्यावा. तराजूवर पेट्या ठेवल्या की पेटीचे स्वतःचे वजन आडवे येते. ते भरून काढायला दुसऱ्या पेल्यात तितक्याच रिकाम्या पेट्या टाकाव्या लागतात आणि मुलांना त्या रिकाम्या पेट्याही समीकरणाचा भाग वाटू लागतात. एकदा हे करून दाखवण्यास हरकत नाही, पण सरावासाठी पटच बरा.

शिक्षकाने तासिकेपूर्वी प्रत्येक गटाच्या चार पेट्यांत चार-चार चिंचोके भरून ठेवावेत आणि वर थोडा कापूस दाबून पेट्या बंद कराव्यात. कापूस नसेल तर मुले पेटी कानाशी हलवून आतले दाणे मोजतात. नियम एकच सांगावा: एका समीकरणातल्या सगळ्या पेट्यांत सारखेच चिंचोके आहेत. पटाच्या डाव्या बाजूला तीन पेट्या आणि दोन सुटे चिंचोके, उजव्या बाजूला चौदा सुटे चिंचोके मांडून घ्यावेत आणि मगच फळ्यावर ३क्ष + २ = १४ लिहावे.

याच क्षणी पुढच्या दोन चुका जन्माला येतात, म्हणून घाई करू नये. पहिली चूक म्हणजे ‘क्ष म्हणजे पेटी’. क्ष म्हणजे पेटी नव्हे, पेटीतल्या चिंचोक्यांची संख्या. आपल्याच तोंडून ‘तीन क्ष म्हणजे तीन पेट्या’ असे वाक्य सहज निघून जाते. ते टाळून ‘तीन पेट्यांत मिळून जितके चिंचोके आहेत तितके’ असे पूर्ण वाक्य बोलावे, लांब वाटले तरी. दुसरी चूक किंमत ठेवताना दिसते. क्ष = ४ असेल तर ३क्ष म्हणजे ३४ असे लिहिणारी मुले दरवर्षी भेटतात, कारण अंकाशेजारी अंक आला की दशक-एकक वाचायची सवय त्यांना आपणच लावलेली असते. अशा मुलाला तीन पेट्या उघडून मोजायला लावावे आणि ३ × ४ असे गुणाकाराचे चिन्ह घालून काही दिवस लिहू द्यावे.

*उदाहरणे निवडताना:* उकल (क्षची किंमत) आणि सहगुणक (क्षच्या आधीची संख्या) सारखे नसावेत. ४क्ष = १६ यात उत्तर ४ आले, तर विद्यार्थ्याने ते भागून काढले की समोर दिसलेला अंक उचलला हे कळत नाही. सुरुवातीच्या संख्या इतक्या लहानही नसाव्यात की पाहताक्षणी उत्तर सुचेल.

टप्पा ४: हात आणि वही एकाच वेळी

सगळ्या पद्धतीचा कणा हा टप्पा आहे. याला दोन पूर्ण तासिका द्याव्यात. गटात चार कामे वाटून द्यावीत: एकाने मांडणी करायची, दुसऱ्याने मोठ्याने बोलून हालचाल करायची, तिसऱ्याने वहीत ओळ लिहायची आणि चौथ्याने पट व ओळ जुळतात का ते पाहायचे. प्रत्येक समीकरणानंतर कामे फिरवावीत. तसे केले नाही तर अक्षर चांगले असलेली मुलगी चारही समीकरणे लिहीत बसते आणि चिंचोके दुसऱ्याच्याच हातात राहतात.

वहीत दोन रकाने आखावेत. डाव्या रकान्यात समीकरण आणि उजव्या रकान्यात ‘काय केले’ ते शब्दांत. ३क्ष + २ = १४ साठी वही अशी दिसेल:

३क्ष + २ = १४ (मांडणी)
३क्ष + २ − २ = १४ − २ (दोन्ही बाजूंनी २ काढले)
३क्ष = १२
३क्ष ÷ ३ = १२ ÷ ३ (दोन्ही बाजूंच्या तीन सारख्या वाटण्या केल्या)
क्ष = ४

नियम कडक असावा: पटावर एक हालचाल झाली की वहीत तिची ओळ, आणि ती ओळ लिहून होईपर्यंत पटाला कोणी हात लावायचा नाही. बहुतेक वर्गांत घोटाळा इथेच होतो. मुले भराभर चिंचोके उचलून उत्तर काढतात आणि नंतर वहीत काहीतरी लिहून टाकतात. मग १४ − २ = १२ ÷ ३ = ४ अशी साखळी तयार होते. तोंडी हिशेब म्हणून ती बरोबर वाटते, पण तिच्यात १४ − २ आणि ४ समान असल्याचे लिहिले जाते. ही साखळी दिसली की खोडू नये. ‘हे पटावर मांडून दाखव’ एवढेच म्हणावे. डावीकडे बारा आणि उजवीकडे चार चिंचोके ठेवावे लागतात, तेव्हा चूक विद्यार्थ्याला स्वतःलाच दिसते.

उत्तर आले की लगेच पेटी उघडायची नाही. आधी ताळा लिहायचा: डावी बाजू = ३ × ४ + २ = १४, उजवी बाजू = १४. दोन्ही बाजू जुळल्या की मगच पेटी उघडायची. पेटी उघडण्याची उत्सुकता फार मोठी असते, आणि ती ताळ्याच्या ओळीमागे बांधून ठेवली तर ताळा करण्याची सवय न सांगता लागते.

*वाटणी करतानाची चूक:* २क्ष + ६ = १० हे समीकरण मुद्दाम द्यावे आणि ‘आधी दोन वाटण्या करा’ असे सांगावे. काही गट पेट्यांच्या दोन वाटण्या करतात, उजवीकडच्या दहाच्या दोन वाटण्या करतात, आणि डावीकडचे सहा सुटे चिंचोके तसेच ठेवतात. वहीत क्ष + ६ = ५ असे येते. तिथे थांबवून विचारावे: ‘दोघांत वाटणी केली, मग हे सहा कोणाकडे गेले?’ प्रत्येक वाटणीत एक पेटी आणि तीन चिंचोके येतात, उजवीकडे पाच येतात, म्हणून क्ष + ३ = ५ आणि क्ष = २. पदावलीतल्या प्रत्येक पदाला भागायचे असते हे वाक्य दहा वेळा सांगण्यापेक्षा हे सहा चिंचोके जास्त काम करतात. या समीकरणासाठी पेट्यांत दोन-दोनच चिंचोके भरलेले हवेत, हे विसरू नये.

टप्पा ५: दोन्ही बाजूंना पेट्या

३क्ष + २ = क्ष + १० हे समीकरण मांडून घ्यावे. येथे मुले क्षणभर थबकतात, कारण आतापर्यंत पेट्या डावीकडे आणि ‘उत्तर’ उजवीकडे असायचे. सूचना न देता दोन मिनिटे थांबावे. कोणीतरी दोन्हीकडून एकेक पेटी उचलतेच. आत किती चिंचोके आहेत हे माहीत नसतानाही पेटी काढता येते, कारण दोन्ही पेट्यांत सारखेच आहेत, हे कारण त्या विद्यार्थ्याच्या तोंडून वर्गाला ऐकवावे. मग २क्ष + २ = १०, २क्ष = ८, क्ष = ४.

दुसऱ्या गटाने आधी सुटे चिंचोके काढले असतील तर दोन्ही वह्या फळ्यावर शेजारी शेजारी उतरवाव्यात. क्रम वेगळा असूनही उकल एकच येते, हे पाहिलेला विद्यार्थी ‘सर, पहिल्यांदा काय करायचं?’ असे दर वेळी विचारत नाही.

टप्पा ६: ऋण संख्या, जिथे पेट्या-चिंचोके अपुरे पडतात

२क्ष − ३ = ५ हे समीकरण तराजूवर किंवा चिंचोक्यांनी मांडता येत नाही, आणि ते ओढूनताणून मांडू नये. इथे बटणे घ्यावीत: निळे बटण म्हणजे +१, लाल बटण म्हणजे −१, आणि एक लाल व एक निळे एकत्र आले की त्यांची किंमत शून्य, म्हणून ती जोडी पटावरून उचलता येते. समीकरणे देण्यापूर्वी या जोड्यांचा सराव दहा मिनिटे नुसत्या बटणांनी घ्यावा.

डावीकडे दोन पेट्या आणि तीन लाल बटणे, उजवीकडे पाच निळी बटणे. लाल बटणे घालवायची तर डावीकडे तीन निळी घालावी लागतील, म्हणून उजवीकडेही तीन निळी घालायची. डावीकडच्या तीन जोड्या उचलल्या की २क्ष = ८ उरते. वहीत २क्ष − ३ + ३ = ५ + ३ ही ओळ यायलाच हवी.

५ − क्ष = २ अशा समीकरणासाठी उलटी ठेवलेली पेटी म्हणजे −क्ष असा संकेत करता येतो. तेवढ्यापुरता तो चालतो, पण मी त्यावर फार रेंगाळत नाही. अपूर्णांकांचेही तसेच. २क्ष = ५ साठी पाचवा चिंचोका फोडत बसण्यापेक्षा पाच सारख्या कागदी पट्ट्या घेऊन शेवटची मधोमध दुमडावी, एका उदाहरणात काम होते. साहित्याची मर्यादा आली की ती मुलांना स्पष्ट सांगावी. यापुढचा भाग आता वहीतल्या दोन्ही बाजूंच्या ओळींवर उभा राहू शकतो.

टप्पा ७: ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे कधी सांगावे

शक्य तितके उशिरा. मुलांनी दोन्ही बाजूंच्या पूर्ण ओळी लिहून किमान पंधरा-वीस समीकरणे सोडवल्यावर काही जण स्वतःच म्हणतात की मधली ओळ न लिहिता थेट ३क्ष = १४ − २ लिहिले तर चालेल का. तेव्हा हो म्हणावे. या वाक्यापाशी विद्यार्थी स्वतः पोहोचला असेल तर मधल्या ओळीत काय घडले ते त्याला माहीत असते.

आधीच सांगितले तर हे वाक्य मंत्र होऊन बसते आणि सुरुवातीला सांगितलेली चूक येते: २क्ष = १० मधला २ ‘पलीकडे गेला, चिन्ह बदलले’ म्हणून क्ष = १० − २ = ८. शिकवणीत किंवा घरी हा मंत्र आधीच पाठ झालेला असेल, तर त्या मुलांशी वाद न घालता पटावर दोन पेट्या आणि दहा चिंचोके मांडून दोन वाटण्या करायला लावाव्यात.

टप्पा ८: शाब्दिक उदाहरणे, उलट्या दिशेने

नेहमीप्रमाणे शब्दांतून समीकरणाकडे जाण्याआधी उलटा प्रवास करावा. पटावर समीकरण मांडून द्यावे आणि गटाला त्यावर गोष्ट तयार करायला सांगावी. तीन पुड्यांत सारख्याच चकल्या आणि दोन सुट्या, एकूण चौदा, अशा गोष्टी मुले पटापट रचतात.

त्यानंतर पुस्तकातली उदाहरणे घ्यावीत. ‘मुलींची संख्या मुलांच्या संख्येच्या दुप्पट आहे’ या वाक्यात ‘मुलींची’ आणि ‘दुप्पट’ हे शब्द दिसताच काही जण मुलींसाठी क्ष आणि मुलांसाठी २क्ष लिहून मोकळे होतात. लिहिण्याआधी ‘जास्त कोण?’ हा प्रश्न विचारायची सवय लावावी आणि जास्त असणाऱ्यापुढे दोन पेट्या ठेवून घ्याव्यात. एकूण ३६ असतील तर ३क्ष = ३६, मुले १२ आणि मुली २४.

वयाच्या उदाहरणावर थोडा अधिक वेळ द्यावा. आज आईचे वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे. पाच वर्षांनी ते तिप्पट होईल. या वेळी पेट्या रिकाम्याच ठेवाव्यात, कारण आता त्या उघडून पाहायच्या नाहीत. डावीकडे पाच वर्षांनंतरची आई: चार पेट्या आणि पाच चिंचोके. उजवीकडे पाच वर्षांनंतरची मुलगी तीन वेळा मांडायची, म्हणजे एक पेटी आणि पाच चिंचोके असे तीन ढीग. मुले इथे हमखास तीन पेट्या आणि पाचच चिंचोके ठेवतात. वहीतले ३क्ष + ५ नेमके तिथूनच येते. तिन्ही ढिगांभोवती खडूने गोल काढले की ३(क्ष + ५) मधला कंस डोळ्यांना दिसतो. दोन्हीकडून तीन पेट्या काढल्या की क्ष + ५ = १५, म्हणून मुलगी १० वर्षांची आणि आई ४० वर्षांची. ताळा शब्दांवरून करावा, समीकरणावरून नव्हे: पाच वर्षांनी १५ आणि ४५, तिप्पट आहे. समीकरणच चुकीचे मांडले असेल तर समीकरणात किंमत ठेवून केलेला ताळा ती चूक पकडत नाही.

टप्पा ९ (नववीसाठी): मैदानावरचा आलेख

मैदानावर फक्कीने दोन अक्ष आखावेत, आरंभबिंदूवर वीट ठेवावी आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरवर खुणा कराव्यात. क्ष-अक्षावर −३ ते ४ आणि य-अक्षावर −५ ते १० एवढ्या खुणा पुरतात, म्हणजे साधारण आठ मीटर लांबीची जागा हवी. खुणांची आखणी आदल्या दिवशी संध्याकाळी करून ठेवावी. तासिकेत करायला गेल्यास तासिका तिच्यातच संपते. सगळ्या मुलांचे तोंड एकाच दिशेला असले पाहिजे, नाहीतर समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांची उजवी-डावी उलट होते आणि ऋण खुणांवर गोंधळ माजतो.

आठ मुलांना −३ ते ४ पर्यंतच्या संख्यांची कार्डे द्यावीत. कार्डावरची संख्या क्ष. प्रत्येकाने य = २क्ष + १ वरून य काढायचा, आधी क्ष-अक्षावर आपल्या खुणेपर्यंत चालायचे आणि मग तिथून य एवढे वर किंवा खाली जायचे. हा चालण्याचा क्रम बदलू देऊ नये, कारण क्रमित जोडीतला क्रम इथेच अंगवळणी पडतो. सगळे उभे राहिले की टोकाच्या दोघांच्या हातात सुतळी ताणून द्यावी. जो सुतळीबाहेर उभा असेल त्याला हलवू नये. आपली आकडेमोड मोठ्याने वाचायला सांगावी. बहुतेकदा ऋण कार्डावरच चूक असते: −३ साठी −५ ऐवजी ७ आलेला असतो.

मग १ आणि २ कार्डांच्या बरोबर मध्ये एका मुलीला सुतळीवर उभे करून तिचा क्ष आणि य विचारावा. १.५ आणि ४ ही जोडी समीकरणात बसते का, हे तिनेच तपासावे. रेषा आठ बिंदूंची नाही, त्यांच्या मधल्या सगळ्या बिंदूंची आहे, हे इथे कळते.

दुसऱ्या आठ मुलांना तीच कार्डे देऊन य = ७ − क्ष वर उभे करावे. २ कार्डाची दोन्ही मुले (२, ५) या एकाच जागी येऊन एकमेकांना ढकलू लागतात. सामाईक उकल म्हणजे काय, हे त्या दोघांनीच वर्गाला सांगावे.

*शेवटची तपासणी:* त्याच दिवशी, वर्गात परतल्यावर, प्रत्येकाने आलेख कागदावर दोन्ही रेषा काढून आपण जिथे उभे होतो त्या बिंदूपाशी स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर लिहावे. ज्याचे अक्षर रेषेबाहेर पडेल त्याच्या वहीतली आकडेमोड पाहावी. चूक य काढण्यात असेल तर त्याला पुन्हा टप्पा ६ मधल्या बटणांकडे न्यावे, आणि फक्त बिंदू मांडण्यात असेल तर मधल्या सुट्टीत विटेपासून एकदा चालून दाखवायला सांगावे.